रुग्णालय सुरू ठेवून विद्युत उपकेंद्राची क्षमता वाढवताना किती तासांचा शटडाऊन लागेल?

आपल्या प्रश्नात तासांचा हिशोब विचारला आहे. मात्र त्याआधी त्या तासांत कोणता भार (विजेवर चालणारी यंत्रणा) क्षणभरही बंद पडून चालणार नाही, हे ठरवावे लागते आणि ते मंजूर नकाशावरून कधीच कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी एका रुग्णालयाचा विद्युत विभाग सांभाळत असताना तेथील 11 केव्ही उपकेंद्रात अधिक क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर आणि नवे एलटी पॅनेल (कमी दाबाची वीज विभागांना वाटणारा फलक) बसवण्याचे ठरले. रविवारी नियोजित शस्त्रक्रिया नसतात, तेव्हा महावितरणचा पुरवठा बंद ठेवून आपल्या डीजीवर (डिझेल जनरेटरवर) रुग्णालय चालवावे आणि सायंकाळपर्यंत काम उरकावे, असे सल्लागारांचे म्हणणे होते. मी हरकत घेतली तेव्हा भर बैठकीत मला कामात खोडा घालणारा ठरवण्यात आले. माझे म्हणणे आजही तेच आहे. एरवी राखीव असलेला डीजी शटडाऊनमध्ये मुख्य स्रोत होतो आणि त्याच्या पाठीशी काहीच उरत नाही. व्हेंटिलेटरची बॅटरी आणि यूपीएस डीजी भार घेईपर्यंतचा वेळ निभावतात. बंद पडलेला डीजी दुरुस्त होईपर्यंत ती पुरतील, हे गृहीत धरणे मला अक्षम्य वाटते. 2012 मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना इंधन पुरवणारे पंप तळघरात पाण्याखाली गेले. कर्मचाऱ्यांना जिन्यावरून इंधन वर वाहून न्यावे लागले आणि अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले.

आम्ही परिचारिकांना सोबत घेऊन, खाटा रिकाम्या होतील तसतसा, प्रत्येक सॉकेट कोणत्या फीडरवर (पॅनेलमधून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) आहे ते तपासले. अत्यावश्यक म्हणून लाल रंगाचे बसवलेले काही सॉकेट साध्या पुरवठ्यावर निघाले. सक्शनचा (रुग्णाच्या शरीरातील स्राव ओढून घेण्याच्या सोयीचा) मध्यवर्ती व्हॅक्यूम पंप तर कधीतरी वातानुकूलनाच्या पॅनेलवरून जोडलेला होता, म्हणजे त्याला डीजीचा आधारच नव्हता. वीज थोडा वेळ गेली तर टाकीतील निर्वातावर काम भागत असे, त्यामुळे ही उणीव इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. दिवसभराच्या शटडाऊनमध्ये ती थेट शस्त्रक्रियागृहात उघडी पडली असती.

त्यानंतर मात्र भाड्याचा दुसरा डीजी आणि तात्पुरती केबल मंजूर झाली. जुने पॅनेल चालू ठेवून नवे शेजारी उभारले, विद्युत निरीक्षकांची परवानगी घेऊन त्यात वीजपुरवठा सोडला, फेज सिक्वेन्स म्हणजे तिन्ही फेजचा क्रम तपासला (तो उलटा राहिला तर पंपांच्या मोटारी उलट्या फिरतात) आणि एकेक फीडर त्या-त्या विभागाला पूर्वसूचना देऊन हलवला. संपूर्ण रुग्णालय एकाच वेळी अंधारात गेले नाही.

आपल्याकडे दोन ट्रान्सफॉर्मर आणि बस कपलर (दोन्हींच्या पॅनेलना जोडणारा स्विच) असेल तर काम बरेच सोपे होईल. जुना आणि नवा ट्रान्सफॉर्मर समांतर चालवायचे असल्यास मात्र दोन्हींचा व्हेक्टर ग्रुप (वेटोळ्यांच्या जोडणीचा प्रकार) व व्होल्टेज गुणोत्तर सारखे आणि टक्केवारीतील इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) जवळपास समान हवा. दुसऱ्या डीजीचे भाडे निविदेतच स्वतंत्र बाब म्हणून लिहा, कारण निविदेत नसलेली वस्तू कंत्राटदार आणत नाही. सल्लागार तो खर्च अनावश्यक म्हणाले, तर त्यांचे मत लेखी मागा आणि शटडाऊनच्या आराखड्यावर भूलतज्ज्ञ व मेट्रन (मुख्य परिचारिका) यांची सही झाल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नका.