पिशवी काढताना ट्यूबा पण का काढायच्या?

प्रश्न : मी ४१ वर्षांची, नाशिकला असते. आईला तीन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर झाला, त्याआधी सहा महिने ती गॅसच्या गोळ्या खात होती, पोटात पाणी झालं तेव्हा कळलं. आता ६४ची आहे, ऑपरेशन आणि केमो होऊन बरी आहे. मला फायब्रॉइडमुळे (पिशवीतल्या साध्या गाठींमुळे) खूप ब्लीडिंग होतं म्हणून पिशवी काढायचं ठरलंय. डॉक्टर म्हणतात अंडाशयं ठेवू पण ट्यूबा (गर्भनलिका) काढून टाकू. कॅन्सर अंडाशयाचा आणि काढायच्या ट्यूबा, हे काय गणित आहे? आणि दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी केली तर पुरे ना?

उत्तर : ताई, गणित बरोबर आहे, फक्त तुमच्या बाबतीत त्यातली एक पायरी राहिलीय, ती आधी करा मग ऑपरेशनची तारीख घ्या. आईची ब्रॅका जीनची टेस्ट झालीय का? ब्रॅका-१ आणि ब्रॅका-२ असे दोन जीन आहेत, त्यात दोष असला तर या कॅन्सरची शक्यता खूप वाढते आणि तो दोष आईकडून मुलांकडे येऊ शकतो. तिची फाइल काढून बघा. नसेल तर तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या, रक्त किंवा लाळेवर होते. आधी आईचीच करायची, कारण तिच्यात दोष सापडला तर तुम्ही आणि तुमची भावंडं (हो, भाऊसुद्धा, त्यांच्याकडून त्यांच्या मुलींना जाऊ शकतो) नेमकं तेवढंच तपासू शकता.

आता ट्यूबांचं. आमच्या वेळी कॉलेजात शिकवलं की हा कॅन्सर अंडाशयाच्या वरच्या आवरणात सुरू होतो, आणि आम्हीही तेच पेशंटना सांगत आलो. २००१ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी कॅन्सरची अनुवंशिक भीती असलेल्या बायकांच्या, खबरदारी म्हणून काढलेल्या ट्यूबा नीट तपासल्या तर कॅन्सरच्या आधीचे बदल ट्यूबेत दिसले! मग बॉस्टनच्या पॅथॉलॉजिस्टनी ट्यूबेचं टोक उभं चिरून बारीक काप करून बघायची पद्धत बसवली. त्याआधी ट्यूबेचा एखादा आडवा काप बघायचे आणि बाकीची बादलीत, मग दिसणार कुठून. ट्यूबेचं हे टोक झालरीसारखं असतं आणि अंडाशयावर लोंबतं, तिथल्या बिघडलेल्या पेशी गळून अंडाशयावर आणि पोटाच्या अस्तरावर पडतात आणि तिथे वाढतात, आणि आपल्याला कळतं तोवर गाठ अंडाशयावर एवढी मोठी झालेली असते की नाव त्याचंच लागतं. सगळे प्रकार असे नाहीत, काही एन्डोमेट्रिओसिसमधून (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार) येतात, पण सगळ्यात जास्त आढळणारा आणि जास्त जीव घेणारा सीरस प्रकार बहुतेक वेळा ट्यूबेतूनच.

म्हणून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०१० पासून पिशवी काढताना किंवा नसबंदी करताना पूर्ण ट्यूबाच काढायला सुरुवात केली. २०२२ मध्ये आकडे आले, अशा २५,८८९ बायकांमध्ये पाचेक सीरस कॅन्सर अपेक्षित होते, सापडला एकही नाही. आकडा लहान आहे, पण मला तरी पटतो. पिशवी काढतोच आहोत तर दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, आणि अंडाशयं राहिली की पाळी जायचा त्रास, हाडं, हृदय यांचं नुकसान लवकर येत नाही.

पण! टेस्ट पॉझिटिव्ह आली तर नुसत्या ट्यूबांवर भागत नाही. ब्रॅका-१ मध्ये आयुष्यभरातली शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास, ब्रॅका-२ मध्ये पंधराच्या आसपास, एरवी जेमतेम एक. तेव्हा मुलंबाळं झाली की ब्रॅका-१ असेल तर ३५ ते ४० आणि ब्रॅका-२ असेल तर ४० ते ४५ मध्ये अंडाशयं आणि ट्यूबा दोन्ही काढायचा सल्ला देतात, म्हणजे तुम्हाला दोनदा पोट उघडायला लागू नये म्हणून तर म्हणतेय आधी टेस्ट.

सीए-१२५ वर विसंबू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर कित्येक वर्षं हे करून बघितलं, २०२१ ला निकाल आला, मृत्यू काही कमी झाले नाहीत. शिवाय तुम्हाला फायब्रॉइड आहेत, त्यानेही सीए-१२५ वाढतो, पाळीत वाढतो, आपल्याकडे पोटाच्या टीबीत तर हमखास, आणि मग घरात रडारड. त्यापेक्षा आईसारखं झालं तर, म्हणजे नव्याने पोट फुगतंय, दोन घासात पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं, ओटीपोट दुखतं आणि हे दोन-तीन आठवडे रोजच्यारोज चाललंय, तर गॅसची गोळी न घेता सोनोग्राफी करा.

प्रश्न : माझं १५ वर्षांपूर्वी नसबंदीचं ऑपरेशन झालंय, अंगावरून पांढरं जातं, जाऊबाई म्हणतात त्या ऑपरेशनने कॅन्सर होतो. खरं का?

उत्तर : उलटं आहे हो. ट्यूबा बांधलेल्या बायकांत अंडाशयाचा कॅन्सर थोडा कमीच दिसतो. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं, पण वास येतोय, किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय तर गर्भपिशवीचं तोंड तपासून घ्यायलाच हवं, तो वेगळा कॅन्सर, एचपीव्ही व्हायरसमुळे होणारा, आणि त्याला चांगली तपासणी आहे. घरात ९ ते १४ ची मुलगी असेल तर तिला लस द्या, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आता मिळते, या वयात दोनच डोस लागतात. जाऊबाईंच्या मुलीलाही न्या बरोबर.