'जॉली' सोडून आनंदी माणसाला इंग्रजीत काय म्हणावं?

तुम्हाला दोन ठिकाणी शब्द हवे आहेत: ऑफिसातून निवृत्त होणाऱ्या बाईंच्या सेंड-ऑफला इंग्रजीत चार वाक्यं बोलायची आहेत आणि बहिणीच्या लग्नाच्या बायोडाटात तिचा हसरा स्वभाव लिहायचा आहे. 'हॅपी' आणि 'जॉली'पुढे गाडी सरकत नाही, असं तुम्ही म्हणता. शब्द हवे तेवढे मिळतील, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काही घटकाभराच्या मूडचे, काही जन्मजात स्वभावाचे आणि काही तर विशिष्ट वयाच्या माणसाचेच.

'जॉली'चा निकाल आधी लावू. हा शब्द आता जुनाट वाटतो, ऐकला की ढेरपोट्या सांताक्लॉजच डोळ्यापुढे येतो. 'जॉली गुड'मध्ये तर त्याचा अर्थ नुसता 'फार' एवढाच. 'जॉली नेचर' ही आपली देशी बनावट. 'तिचा स्वभाव आनंदी आहे' असं मनात म्हणून आपण 'हर नेचर इज जॉली' लिहितो. इंग्रजीत स्वभावाला मध्ये न आणता सरळ माणसाबद्दल बोलतात: 'शी इज चिअरफुल', फार तर 'शी इज चिअरफुल बाय नेचर'.

'चिअरफुल' हा सगळ्यात निर्धोक शब्द. माणूस, मूड, आवाज, भिंतीचा रंग, कशालाही लावा. यातला 'चिअर' जुन्या फ्रेंचमधल्या चेहरा या अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणून आपल्या 'हसतमुख'ला याच्याइतका जवळचा दुसरा शब्द नाही. 'लाइव्हली'चं तसं नाही. त्यात चैतन्य आहे, आनंद असेलच असं नाही. 'लाइव्हली डिस्कशन'मध्ये माणसं एकमेकांवर तुटूनही पडलेली असतात.

'विव्हेशस' (जोर मधल्या 'व्हे'वर) म्हणजे चैतन्याने सळसळणारी व्यक्ती. हा जवळपास फक्त बायकांबद्दल वापरतात, पुरुष साहेबांना लावलात तर लोक माना वळवून बघतील. 'बबली'ही बहुतेक वेळा तरुण मुलींसाठीच. मैत्रिणींत तो गोड वाटतो, पण कामाच्या ठिकाणी त्यात 'थोडी उथळ आहे' अशी छटा येते. शिफारसपत्रात तो टाळा, तिथे 'एन्थुझिअ‍ॅस्टिक' लिहा.

'जोव्हिअल' बहुधा प्रौढ पुरुषांना लावतात: मोठ्याने हसणारे, आल्यागेल्याची पाठ थोपटणारे काका. हा शब्द ज्युपिटरच्या 'जोव्ह' या नावावरून आला, कारण त्या ग्रहाखाली जन्मलेला माणूस आनंदी निपजतो अशी युरोपातल्या ज्योतिषांची समजूत होती. म्हणजे आपला गुरूच. पत्रिका बघणाऱ्यांना हा एकदा सांगितला की पुन्हा विसरत नाही.

सेंड-ऑफच्या भाषणात खरा घात करणारा शब्द म्हणजे 'स्प्राइटली' आणि त्याचा भाऊ 'स्प्राय'. शब्दकोशात अर्थ 'उत्साही, चपळ' असा दिसतो आणि आपण खूश होतो. पण हे आपल्या 'टुणटुणीत'सारखे आहेत, ऐंशीच्या आजोबांना शोभणारे. निवृत्त होणाऱ्या बाईंना 'स्प्राइटली' म्हटलंत, तर त्यांना 'वयाच्या मानाने बऱ्या आहात' असं ऐकू येईल.

'एक्झ्युबरंट', 'इबलियंट', 'एफर्व्हेसंट' हे तिघे ऊतू जाणाऱ्या आनंदाचे. 'इबलियंट'च्या मुळाशी तर उकळणंच आहे. वर्तमानपत्री लेखनात छान, तोंडी बोलण्यात जड. शिवाय यांत मर्यादा सुटल्याचा वास येऊ शकतो. फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी 1996 मध्ये 'इर्रॅशनल एक्झ्युबरन्स' (अविवेकी उत्साह) म्हटलं, ते काही शेअर बाजाराचं कौतुक नव्हतं.

मूडपुरतं बोलायचं तर 'इन अ गुड मूड', 'इन हाय स्पिरिट्स' (शेवटचा 'स' विसरू नका), 'अपबीट', आणि ब्रिटिश ढंगाने 'चर्पी'. नुसतं 'शी इज इन अ मूड' म्हणजे बाईसाहेब बिनसल्या आहेत, जवळ जाऊ नका. 'मूडी' म्हणजे लहरी, तोही चांगल्या अर्थाने नाही. आणि 'ही इज हाय' म्हणजे आनंदात नव्हे, नशेत.

आता भाषण. 'शी इज व्हेरी चिअरफुल, जॉयफुल अँड लाइव्हली' अशी विशेषणांची माळ ओवली की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एक विशेषण घ्या आणि लगेच त्या काय करतात ते सांगा: 'शी इज द मोस्ट चिअरफुल पर्सन ऑन धिस फ्लोअर. शी कॅन मेक इव्हन द ऑडिटर्स लाफ.' इथे 'इज' मुद्दाम आहे. 'शी वॉज अ व्हेरी चिअरफुल लेडी' हे वाक्य सेंड-ऑफला हमखास ऐकू येतं आणि ते श्रद्धांजलीसारखं वाटतं. बाई समोर हार घालून बसल्या आहेत. मागच्या वर्षांबद्दल बोलायचं असेल तर 'शी हॅज बीन' म्हणा. 'अ लिटल रे ऑफ सनशाइन' मात्र नको, हे बऱ्याचदा तिरकसपणे, कायम तोंड पाडून बसणाऱ्यालाच म्हणतात.

बायोडाटात 'हॅपी-गो-लकी' दिसलं की मला लेखणी उचलाविशी वाटते. त्याचा रोख 'उद्याची फिकीर नसलेली' असा असतो. मैत्रीत ठीक, पण स्थळ बघणाऱ्या घराला ते कशाला सांगायचं? 'गे'चा जुना 'आनंदी' हा अर्थ आता फक्त जुन्या पुस्तकांत उरलाय. स्थळ अमेरिकेतलं असेल तर 'होमली'ही काढा, तिकडे त्याचा अर्थ 'दिसायला बेताची' असा होतो. 'वॉर्म, चिअरफुल अँड ईझीगोइंग' एवढं लिहिलंत तरी भागतं. फक्त 'ईझीगोइंग' पूर्ण लिहा. मुलीच्या बायोडाटात नुसतं 'ईझी' फार वाईट दिसतं.