गॅसच्या मशीनचं नंतर बघू, आधी तो हप्ता कुठून भरताय ते सांगा

श्रीवर्धनजवळच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 43, मुंबईची नोकरी सोडून गावी आले, 10 गुंठ्यांचं पॉलिहाऊस टाकलं, त्यात बिनबियांची काकडी घेतात, दिवेआगर-हरिहरेश्वरच्या रिसॉर्टवाल्यांना देतात आणि उरलेला माल वाशीला जातो. वर्षाची विक्री 9 लाखांच्या आसपास. पॉलिहाऊसचं कर्ज अजून साडेदहा लाख बाकी. आता एक डीलर येऊन गेलाय, त्याच्याकडे एलपीजी जाळून कार्बन डायऑक्साइड तयार करणारं मशीन आहे, किंमत 3 लाख 80 हजार, काकडी 30 टक्के वाढणार म्हणतो. "ताई, घेऊ का? वर्षादीड वर्षात वसूल होईल असं तो सांगतो. टोकन 10 हजार दिलंय."

आणि मग जाता जाता एक वाक्य. "पैशाची अडचण नाही, गेल्या वर्षी बँकेच्या पॉलिसीचा हप्ता भरायला आईच्या पाटल्या ठेवल्या होत्या, मोहनमाळ अजून घरात आहे."

दादा, हे वाक्य मी तीनदा वाचलं.

मशीनचं उत्तर आधी देऊन टाकते कारण ते सोपं आहे. नका घेऊ. डीलर विज्ञान खोटं सांगत नाहीये हं, बाहेरच्या हवेत साधारण 420 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग) कार्बन डायऑक्साइड असतो, बंद ग्रीनहाऊसमध्ये तो 800-1000 वर नेला तर काकडी-टोमॅटो 20-30 टक्के जास्त येतात हे हॉलंडवाले कित्येक वर्षं करतायत. पण हॉलंडला थंडी आहे! तिथे ग्रीनहाऊस गरम ठेवायला गॅस जाळावाच लागतो, धुरातला कार्बन डायऑक्साइड आयताच मिळतो, आणि थंडीमुळे खिडक्या बंद म्हणून तो आत टिकतो. काही जणांना तर रॉटरडॅमच्या रिफायनरीतून पाइपलाइनने येतो. तुम्ही एप्रिलच्या उकाड्यात, घामाच्या धारांत, पॉलिहाऊसमध्ये शेगडी पेटवणार?

हिशोब करा. 10 गुंठे म्हणजे हजारेक चौरस मीटर, सरासरी उंची 5 मीटर धरली तर 5000 घनमीटर हवा. 420 वरून हजारावर न्यायला 3 घनमीटर कार्बन डायऑक्साइड लागतो, साडेपाच किलो. किती स्वस्त ना? डीलरने इथेच थांबून तुम्हाला चहा पाजला असणार. पण दुपारी तुमचे बाजूचे पडदे वर असतात, नसतील तर वेल उकडून जातील, आणि पडदे वर असताना आतली हवा तासाला 20 वेळा तरी बदलते. म्हणजे तासाला 110 किलो. एक किलो एलपीजीतून 3 किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे तासाला 37 किलो एलपीजी, जवळजवळ 2 कमर्शियल सिलिंडर. तुम्हीच लिहिलेल्या 1,800 च्या भावाने 3,600 रुपये तासाला. तुमची विक्री दिवसाला अडीच हजार. एवढं जाळायची त्या मशीनची ताकदच नाही, त्यामुळे ते थोडंसं जाळेल आणि सगळं समुद्राकडे उडून जाईल.

तो म्हणेल सकाळी पडदे लावून चालवा. पहाटे आत मुळातच कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, रात्रभर झाडं आणि शेणखताची माती तोच सोडत असतात, फुकट. नऊ वाजले की ऊन चढतं आणि पडदे उघडावेच लागतात, म्हणजे तुमच्या हातात दीडदोन तास. वर बर्नरची ज्योत नीट नसेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीन निघतं, एकाने कामाचा माणूस आडवा होईल आणि दुसऱ्याने काकडीची फुलं गळतील. पावसाळ्यात तर चार महिने मळभ, उजेडच कमी पडतो तिथे नुसता गॅस सोडून काय उपयोग.

तुम्ही एक फोटो पाठवलाय, मशीन कुठे ठेवायचं ते दाखवायला. त्यात मला बाजूची कीडरोधक जाळी दिसली. खालच्या दोन हातांवर जांभ्याची लाल धूळ बसलीय आणि कोपऱ्यात हिरवं शेवाळ. त्या जाळीतून वारा जाणार कसा? वारा आला नाही की भर उन्हात झाडं आतला कार्बन डायऑक्साइड संपवतात, तो बाहेरच्यापेक्षाही खाली जातो. मऊ ब्रश, पाण्याचा पाइप, दोन मजूर, एक दिवस. जे डीलर पावणेचार लाखांना विकतोय त्यातलं तुम्हाला मिळण्यासारखं आहे ते बहुतेक एवढंच.

आता पाटल्या.

पॉलिसी काय आहे ते तुमच्या कागदांवरून असं दिसतं. हप्ता वर्षाला 96 हजार, 15 वर्षं, विमा 9 लाख 60 हजार, शेवटी "साधारण 22 लाख". कर्ज मंजूर होताना बँकेतल्या साहेबांनी "ही घ्यावी लागते" म्हणून सही घेतली. घ्यावी लागत नाही हो! कर्जासोबत विमा गळ्यात मारायला बँकांना बंदी आहे, पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला टार्गेट असतं आणि अलीकडच्याला कर्ज हवं असतं.

14 लाख 40 हजार भरून 15 वर्षांनी 22 लाख, म्हणजे 5 टक्क्यांच्या थोडं वर. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 26 लाख होतात आणि त्यासाठी कोणाची सही लागत नाही. पण तेही सोडा. पहिला हप्ता खिशातून गेला, दुसरा पाटल्या ठेवून, साडेनऊ टक्क्यांनी. साडेनऊने पैसे घेऊन पाचने गुंतवताय!! वर्षाला 9 हजार व्याज द्यायचं आणि 5 हजार कमवायचे, आणि याला बचत म्हणायचं. येत्या मे महिन्यात तिसरा हप्ता, त्याला मोहनमाळ, आणि तीच मोहनमाळ तुम्ही मशीनच्या डाउन पेमेंटलाही मनात धरलीय, एकच दागिना दोन ठिकाणी.

बरं, एवढं करून विमा किती? 9 लाख 60 हजार. कर्ज साडेदहा. उद्या तुम्हाला काही झालं तर पॉलिसीतून कर्जसुद्धा फिटत नाही, बायको-मुलांना काय उरणार. त्यामानाने 1 कोटीचा साधा टर्म प्लॅन, साठीपर्यंतचा, बिडी-सिगरेट नसेल तर वर्षाला 20-25 हजारांत बसेल. शेवटी काही परत मिळत नाही म्हणून तो कोणी विकायला येत नाही.

आणि पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय की पॉलिहाऊसचा विमा पहिल्या वर्षी बँकेने काढला होता, यंदा 11 हजारांची नोटीस आली ती "सध्या ओढाताण आहे" म्हणून राहिली. श्रीवर्धनला राहून? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ तुमच्याच किनाऱ्यावर चढलं, नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते बाजूने घासून गेलं. पॉलिहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद तर पोफळीपेक्षा आधी उडेल. 96 हजारांचा नको असलेला विमा सोनं ठेवून चालू आणि 11 हजारांचा हवा असलेला बंद, हे मला पत्रातलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं, मशीन त्यापुढे काहीच नाही.

तर याच आठवड्यात पॉलिहाऊसचा विमा चालू करा, वादळ-पूर त्यात आहे का ते कागदावर बघून, आणि नुसता सांगाडा की आतला कागद आणि ठिबकही धरलंय ते विचारून. वादळाचा इशारा आल्यावर धावाल तर उशीर झालेला असेल. मग टर्म प्लॅनचा अर्ज, मेडिकल होऊन पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी मोडू नका. आली की बँकेच्या पॉलिसीचा तिसरा हप्ता भरायचा नाही. कंपनीला ईमेल करून आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर शेवटी किती, असे दोन आकडे लेखी मागा, एजंटच्या तोंडी आकड्यावर काही ठरवू नका. भरलेले 1 लाख 92 हजार सगळे परत येणार नाहीत, वाईट वाटेल. पण निम्मे जरी आले तरी पाटल्यांवरचं मुद्दल फिटतं. सक्तीने विकल्याची तक्रार आधी बँकेकडे आणि कंपनीकडे करा, महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

डीलरकडून टोकनचे 10 हजार परत मागा. कुरकुर करेल, तरी मागा. आले तर पॉलिहाऊसच्या विम्यात फक्त हजार रुपये घालायचे राहतात.