आईंच्या देखभालीसाठी पॉलिसी शोधताय? त्याआधी सह्यांचं बघा

ताई, आई 74 वर्षांच्या, पक्षाघातानंतर उजवा हात-पाय अजून सावरलेला नाही, आणि आता विसरायलाही लागल्यात. भाऊ परदेशी. दिवसरात्रीच्या बाईंचा पगार देईल अशी पॉलिसी कोणती, आणि नोकरी सोडावी का, हे तुमचे दोन प्रश्न. माझ्या सासूबाई बरीच वर्षं अंथरुणावर होत्या, त्या अनुभवातून लिहितेय.

अशी पॉलिसी आईंना आता मिळणार नाही. आपला मेडिक्लेम उपचाराचे पैसे देतो, सांभाळण्याचे नाही. डिस्चार्ज मिळाला की बाई, डायपर, एअर बेड सगळं घरच्या पैशांतून. पॉलिसीत 'डोमिसिलियरी', म्हणजे घरच्या घरी उपचार, हा शब्द दिसला तरी भुलू नका. एरवी भरतीच करावं लागलं असतं असा आजार नाइलाजाने घरी बरा करावा लागला, तर त्यासाठी ते कलम आहे. जर्मनीत 1995 पासून आणि जपानमध्ये 2000 पासून देखभालीसाठी सक्तीचा विमा आहे, आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान कार्ड मात्र काढाच. वर्षाला 5 लाखांचं संरक्षण मिळतं, पण तेही रुग्णालयात भरती झाल्यावरच.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वांत तातडीची वाटणारी गोष्ट. आईंना आज काय चाललंय ते कळतंय. उद्याचं सांगता येत नाही. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, करून ठेवलं की निश्चिंत, असं पुष्कळांना वाटतं. पण देणाऱ्या माणसाची समजशक्ती गेली की आपल्या कायद्यानुसार ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी हाताशी राहत नाही. म्हणून आईंचं बँक खातं तुमच्यासोबत 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा पद्धतीने संयुक्त करून घ्या. मुदत ठेवींना नाव जोडलं तरी मुदतीआधी मोडताना बहुतेक बँका दोघांच्याही सह्या मागतात, तेव्हा एकाच्याच सहीने मोडायची लेखी परवानगी आताच देऊन ठेवा. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून मानसिक सक्षमतेचा दाखला घ्या.

हे राहून गेलं तर आईंच्या वतीने व्यवहार करणारा पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम 226 खाली अशा नेमणुका केल्यात, पण त्यात वेळ जातो, वकील लागतो, आणि तोवर औषधपाण्याला आईंचेच पैसे काढता येत नाहीत. तशी वेळ आलीच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पैशांचं. बाईंचे महिना 25,000 धरले तरी पाच वर्षांत 15 लाख होतात, महागाई न मोजता. हे आधी आईंच्याच पेन्शनमधून आणि ठेवींतून जाऊ द्या. वारशासाठी ठेवी जपायच्या आणि लेकीने स्वतःची पुंजी मोडायची, हा अन्याय मी घरोघरी पाहिलाय, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. भावाने दरमहा ठरलेली रक्कम आपोआप वळती करावी आणि वर्षातून काही आठवडे येऊन तुम्हाला पूर्ण सुट्टी द्यावी. हे फोनवर तोंडी ठेवू नका, लिहून घ्या.

नोकरी शक्यतो सोडू नका. पगारातून बाईंचा खर्च वजा केला की हातात काय उरतं, एवढाच हिशोब लोक करतात. पण नोकरीबरोबर पीएफमधला मालकाचा वाटा जातो, ग्रॅच्युइटी थांबते आणि ऑफिसचा विमाही संपतो. पन्नाशीत पुन्हा त्याच पगारावर कोण घेतं? बिनपगारी रजा, कमी तास, घरून काम, हे सगळं मागून पाहा. सोडावीच लागली तर त्याआधी ऑफिसच्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या पॉलिसीत बदली, मागा, म्हणजे पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ (ठरावीक आजारांचे पैसे मिळू लागेपर्यंत थांबायचा काळ) वाया जात नाही. आणि नोकरी असो-नसो, स्वतःची वेगळी पॉलिसी आज घ्या. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. सलग पाच वर्षं भरलेल्या पॉलिसीचा दावा माहिती लपवल्याचं कारण काढून नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तुम्हाला काही झालं तर आईंना कोण बघणार, हा विचार करून तरी हे पुढे ढकलू नका.

आणखी एक. पक्षाघाताने आलेल्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयातून घ्या. ते 40 टक्के किंवा जास्त असेल, आई मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असतील आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर उत्पन्नातून 75,000 रुपयांची वजावट मिळते. 80 टक्क्यांपासून पुढे ती 1,25,000 होते. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती रक्कम अवलंबून नसते. तपासणीला आईंना स्वतः न्यावं लागेल, म्हणून व्हीलचेअर आणि सोबतीला एक माणूस आधीच ठरवून ठेवा.