वाचकांचे प्रश्न : रडार डिटेक्टर उगाच का ओरडतो?

प्रश्न : माझे मेहुणे गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांनी मला मोटारीच्या पुढच्या काचेला लावायचा रडार डिटेक्टर भेट दिला. पोलिसांच्या स्पीड गनची चाहूल लागली की तो वाजतो, असे त्यांनी सांगितले होते. इथे मात्र पोलीस समोर उभे असले तरी तो गप्प असतो आणि भलत्याच ठिकाणी कोकलतो. पोवई नाक्याजवळ एका दुकानासमोर गाडी लावली की तो हटकून वाजतो, आनेवाडी टोल नाक्याच्या रांगेत काही ठरावीक मोटारी शेजारी आल्या की वाजतो. त्यात खोटे इशारे गाळण्यासाठी चार-पाच सोयी दिलेल्या आहेत. त्या सगळ्या चालू कराव्यात का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपला डिटेक्टर बिघडलेला नाही. त्याला पोलीस ओळखता येत नाही आणि दुकानही ओळखता येत नाही. तो केवळ ठरावीक वारंवारतांच्या पट्ट्यांवर कान लावून बसलेला रेडिओ आहे. पोलिसांच्या रडार गन जगभरात मुख्यतः तीन पट्ट्यांत चालतात : १०.५२५ गिगाहर्ट्झचा जुना एक्स पट्टा, २४.१५० च्या आसपासचा के पट्टा आणि ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ यांच्या दरम्यानचा केए पट्टा. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारांवर बसवलेले संवेदकही याच एक्स आणि के पट्ट्यांत लहरी सोडतात, कारण स्पीड गनचे आणि दाराचे काम मुळात एकच आहे. हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता थोडी बदलते, हे ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेले तत्त्व दोन्हीकडे वापरले जाते. के पट्ट्यात ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या मोटारीमुळे हा फरक सुमारे ४,५०० हर्ट्झ पडतो, तर ताशी चार किलोमीटरने दाराकडे चालत येणाऱ्या गिऱ्हाइकामुळे सुमारे १८० हर्ट्झ. हा फरक लहर सोडणाऱ्या यंत्राला मोजता येतो. आपल्या डिटेक्टरला तो दिसत नाही, कारण त्याच्यापर्यंत पोहोचते ती निघालेली मूळ लहर.

आपले यंत्र दोन दिवस मागून घेऊन मी त्या दुकानासमोर थांबलो होतो. दार उघडते तेव्हाच यंत्र वाजत असेल, असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. दार मिटलेले होते, आसपास कोणी फिरकत नव्हते, तरी पडद्यावर ‘के २४.१२४’ हे आकडे आणि लहरीचा जोर दाखवणाऱ्या चार रेघा ठाम उभ्या होत्या, कारण दारावरचा संवेदक दुकान सुरू असेपर्यंत अखंड लहरी सोडत असतो. मध्ये भाजीचा टेम्पो येऊन उभा राहिला तेव्हा रेघा एकावर आल्या आणि तो हलताच पुन्हा चार झाल्या. दुपारी उन्हाच्या वेळी त्याच जागी आकडा २४.११९ झालेला होता. स्वस्त संवेदकाची वारंवारता तापमानाबरोबर अशी सरकत राहते, आणि ही सरक पुढे फार महत्त्वाची ठरते.

ज्याचा जोर मोठा तो पोलीस, असे मानून चालणार नाही, हे या टेम्पोनेच दाखवून दिले. जवळचे दार आणि लांबची गन यांचा जोर डिटेक्टरपाशी सारखाच भरू शकतो. म्हणून गाळणी लावायची ती लहरीच्या वागण्यावर. रडार गन सहसा एकाच वारंवारतेवर स्थिर लहर सोडते. उलट, शेजारच्या आंधळ्या कोपऱ्यातील वाहन दाखवणारी रडारे, जी अनेक मोटारींच्या मागच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना दडवलेली असतात, ती के पट्ट्यात काही मिलिसेकंदांच्या अवकाशात वारंवारता सरसर खालून वर नेतात. टोल नाक्याच्या रांगेत आपल्याला सतावणाऱ्या मोटारी बहुधा याच जातीच्या आहेत. डिटेक्टर सगळा पट्टा पुन्हा पुन्हा चाळत असतो. त्याने एका फेरीत २४.१० वर काही ऐकले, पुढच्या फेरीत ते २४.१७ वर सापडले आणि त्यापुढच्या फेरीत सापडलेच नाही, तर ही शेजारची मोटार आहे असे ठरवून तो गप्प बसतो. तीन-चार फेऱ्यांत आकडा जागचा हलला नाही, तरच तो तोंड उघडतो. अलीकडच्या बहुतेक मोटारींची पुढची रडारे ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथवर या यंत्राचा कानच पोहोचत नाही, त्यामुळे त्यांचा उपद्रव होत नाही.

या गाळणीची किंमत मोजावी लागते ती वेळात. खात्री करून घेण्यात एक सेकंद गेला, तर ताशी ९० किलोमीटर वेगाने आपण तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेले असतो. दूरवरून सतत लहरी सोडणाऱ्या गनच्या बाबतीत याने बिघडत नाही, कारण गनकडे परतणारी लहर जाऊन-येऊन इतकी क्षीण होते की गनला वेग कळण्याच्या कितीतरी आधी डिटेक्टरला गन ऐकू येते. पण पोलिसाने गन बंद ठेवली आणि आपण समोर आल्यावरच क्षणभर घोडा दाबला, तर गाळणी तपास करीत असतानाच मोजमाप उरकलेले असते. शिवाय युरोपात आणि उत्तर अमेरिकेत रस्त्याकडेला लावलेली काही वेगमापक रडारे कमी शक्तीची आणि वारंवारता बदलत राहणारीच असतात. नेहमीची गाळणी त्यांना मोटारीचे रडार समजून सरळ टाकून देते. ती पकडण्यासाठी काही डिटेक्टरांत वेगळी सोय करावी लागली आणि ती चालू केली की खोटे इशारे पुन्हा वाढतात.

दुकानाच्या दारावर खरा उपाय म्हणजे जीपीएसची स्मरणशक्ती. एका जागी, ठरावीक अंतराच्या आत, तीच वारंवारता काही वेळा ऐकू आली की यंत्र ती जागा आणि तो आकडा टिपून ठेवते आणि पुढच्या खेपेला मुके राहते. काही यंत्रे हे आपण होऊन शिकतात, काहींना बटण दाबून शिकवावे लागते. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल अशी सूट त्यात ठेवावीच लागते, नाहीतर सकाळी २४.१२४ वर शिकवलेले दार दुपारी २४.११९ वर अनोळखी ठरेल. पण सूट जितकी मोठी, तितकी त्या जागी उभ्या असलेल्या खऱ्या गनचा आवाजही दाबला जाण्याची शक्यता मोठी. त्या दारापाशीच कोणी २४.१५० वर गन धरली, तर बेताची सूट ठेवणारे यंत्र ओरडेल आणि ऐसपैस सूट ठेवणारे गप्प राहील. चांगली यंत्रे विसरायलाही शिकलेली असतात : काही खेपांना तिथे ती लहर आढळली नाही, तर ती नोंद पुसून टाकतात.

उरलेल्या सोयी साध्या आहेत. ठरावीक वेगाच्या खाली आवाज बंद ठेवण्याची सोय गावात जरूर चालू करावी. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी तीच. एक्स पट्टा बंद करावा. यंत्र अमेरिकेतील असल्याने केए पट्ट्याचे तुकडे पाडून नको ते वगळण्याची सोयही त्यात असेल, ती आहे तशीच राहू द्यावी. लहर पुढून येते की मागून, हे बाणांनी दाखवणारी यंत्रे १९९२ साली आलेल्या व्हॅलेंटाइन वनपासून मिळू लागली. बाण काहीही गाळत नाही, पण दुकान मागे पडल्यावर बाण मागे वळला की चालकालाच उलगडा होतो. ही युक्ती मला सगळ्या गणिती गाळण्यांपेक्षा प्रामाणिक वाटते.

आता पोलीस समोर असूनही हे यंत्र गप्प का, याविषयी. आपल्याकडे महामार्गावर उभ्या राहणाऱ्या इंटरसेप्टर गाड्यांमध्ये प्रामुख्याने लेझरच्या स्पीड गन असतात. लेझरचा झोत तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद होतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग मोजून मोकळा होतो. तो नेमका आपल्या यंत्रावर पडला तरी वाजण्याला उपयोग उरत नाही. त्यामुळे आनेवाडी ते शेंद्रे या पट्ट्यात आपले यंत्र रडारचा इशारा देते, तेव्हा तो खोटाच असण्याची शक्यता फार मोठी आहे. केए पट्ट्याची सोय सोडून खोटे इशारे गाळणाऱ्या बाकी सगळ्या सोयी खुशाल चालू करा. यंत्र बरेचसे शांत होईल, आणि आपल्या रस्त्यापुरते बोलायचे तर तसे झाल्याने फारसे काही निसटणार नाही.

प्रश्न : माझा डिटेक्टर संध्याकाळी सांगलीहून जयसिंगपूरकडे जाताना मधूनच ‘लेझर’ असे दाखवतो. रस्त्यावर कोणीही नसते. हे कसे? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : त्या वेळी सूर्य आपल्या समोर आणि खाली आलेला असतो, आणि सूर्यप्रकाशात स्पीड गनची ९०४ नॅनोमीटरची अवरक्त लहरही भरपूर असते. नुसत्या स्थिर उजेडाने यंत्र फसत नाही, कारण लेझर गन सेकंदाला साधारण शंभर ते काहीशे अशा ठरावीक तालात स्पंद सोडते आणि यंत्र दोन स्पंदांमधले अंतर तपासते. पण रस्त्याकडेच्या झाडांतून ऊन चमकत येऊ लागले, किंवा पुढच्या वाहनाचे एलईडी दिवे भराभर लुकलुकत असले, तर एखाद्या क्षणी तो ताल योगायोगाने जुळतो. यंत्र काचेच्या वरच्या बाजूला, सूर्यछपरीच्या सावलीत सरकवून पाहावे. छपरीने त्याचे तोंड मात्र झाकू नये.

प्रश्न : गाळणी नीट बसवली, तर ई-चलन पाठवणारे कॅमेरेही कळतील का? — एक वाचक, कराड

उत्तर : ज्या कॅमेऱ्याला रडार जोडलेले आहे आणि ज्याचा पट्टा आपल्या यंत्राच्या आवाक्यात आहे, तेवढाच कळेल. दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपून मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागणारी यंत्रणा आपल्या मोटारीकडे रडारची किंवा लेझरची लहर पाठवत नाही. दहा किलोमीटर सहा मिनिटांत कापले की सरासरी वेग ताशी शंभर, एवढे भागाकाराचे काम. तेथे डिटेक्टरला ऐकण्यासारखे काही नसतेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७-अ या नियमाने अशा देखरेखीखालच्या टप्प्याआधी ठळक फलक लावणे बंधनकारक केलेले आहे, तेव्हा कॅमेऱ्याची सूचना हवी असेल तर तो फलक शोधावा.