पावसाळ्यात मूठ का उचकटली?

प्रश्न : सर, जुन्या सुरीला मी स्वतः मूठ बसवली, पुढे पितळ मागे शिसम, उन्हाळ्यात एकदम भारी दिसत होती पण आता जुलैत लाकूड पितळेच्या वर आलंय, बोटाला कड लागते आणि एका बाजूने ते पात्यापासून सुटलंय. चुकलं कुठं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दादा, हात तुमचा चांगला आहे, घोळ ओलाव्याचा आहे. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि पितळेला ओलाव्याचं काहीच नसतं, त्यामुळे सगळा ताण चिकटवलेल्या जागेवर येतो. म्हणून लाकूड नीट वाळलेलंच घ्या. चिकटवायच्या आधी पितळ, टँग (पात्याचा मुठीत जाणारा भाग), लाकूड तिन्ही 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा आणि अ‍ॅसिटोनने पुसा, कारण शिसम तेलकट असतं, हे बरेच जण विसरतात. एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं चिकट द्रव्य) 5 मिनिटंवालं नको, सावकाश सुकणारं घ्या, 24 तास हात लावू नका, आणि क्लॅम्प फार आवळू नका, सगळं एपॉक्सी बाहेर येतं मग आत राहणार काय! आरपार पितळेच्या 2 पिना मात्र हव्यातच, नुसत्या चिकटवण्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

घासताना पितळ तापलं की एपॉक्सी मऊ पडतं, सारखं थांबत थांबत घासा, तोंडाला मास्क लावा. शेवटी जवसाचं तेल 2-3 हात, आणि सुरी सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.