फुलबाजारात गर्दी सुटी कशी करायची

रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग कल्पून मुख्य विषय त्या रेषांवर ठेवायचा नियम) पाळूनही दादरच्या फुलबाजारातले फोटो गिचमिड का दिसतात, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही टाकलेले चारही फोटो नीट बघितले. थर्ड्स चोख पाळलेत, पण हमालाच्या डोक्याला मागच्याची टोपली चिकटलीय आणि मावशींच्या हातातली माळ शेजारच्या झेंडूच्या ढिगात हरवलीय. आकार एकमेकांवर चढलेत, खरं दुखणं ते.

यावरचा इलाज म्हणजे जागा बदलणं. एक पाऊल डावीकडे सरकलात तरी डोकं आणि टोपली यांत फट पडते. खाली बसलात तर माणसं उड्डाणपुलाच्या सपाट काँक्रीटवर उठून दिसतात. जिन्यावरून घेतलंत तर ती एकमेकांमागे न लपता जमिनीवर पसरतात. म्हणून आधी पार्श्वभूमी ठरवा, मग माणसाची वाट बघा. तुम्ही उलटं करताय असं वाटतं: चेहरा दिसला की त्याच्यामागे धावायचं, मग मागे जे येईल ते येईल.

पुलाचे खांब अडचण समजू नका. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचे रंगीत फोटो बघा. खांब, दारं, आरसे यांनी ते चौकटीचे कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात वेगळं काही चाललेलं असतं. गर्दी भरपूर, गोंधळ नाही. दुसरी वाट छायाचित्रकार रघु राय यांच्या १९९५ च्या चर्चगेट स्टेशनच्या फोटोत आहे: शटर संथ (म्हणजे जास्त वेळ उघडं), गर्दी वाहती, पेपर वाचणारे तेवढे स्थिर. १/४ सेकंदाच्या आसपास, कॅमेरा कठड्यावर टेकवून बघा.

सेटिंगचं थोडक्यात. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ मिमीची लेन्स, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि फोकस अडीच मीटरवर ठेवलात तर साधारण दीड ते दहा मीटर चालून जाईल इतकं स्पष्ट येतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. झूम घरी ठेवा (हे माझं खूळ आहे, सगळ्यांना पटत नाही).

क्लिक करण्याआधी नजर चारही कडांवरून फिरवा. तुमच्या तिसऱ्या फोटोत उजवीकडे अर्धा कोपर घुसलाय, तो क्रॉप करायला गेलात तर टोपलीही कापली जाईल.

आणि कुणी हात आडवा केला तर कॅमेरा खाली. पुढच्या वेळी क्रॉप न केलेले मूळ फोटो टाका, म्हणजे तुम्ही कुठे उभे होता ते कळेल.